दोन साचे, तीन साचे : गिरणीतील एका बदलाची भाषा

मुंबईच्या गिरणीकामगारांच्या १९२८ मधील सार्वत्रिक संपाचा विचार बहुधा पुढाऱ्यांच्या चरित्रांतून होतो. प्रस्तुत टिपणात त्याकडे कामाच्या पद्धतीत झालेल्या एका बदलाची कथा म्हणून पाहावयाचे आहे.

१९२७ साली नॉइस यांच्या अध्यक्षतेखालील टॅरिफ बोर्डाने मंदीत सापडलेल्या सुती गिरण्यांची चौकशी केली. त्याच सुमारास ससून गटाच्या गिरण्यांत नवी योजना आली. विणकराने दोन मागांऐवजी तीन माग आणि कातणाऱ्याने एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळाव्यात, असा तिचा आशय. मालकांच्या परिभाषेत ही ‘एफिशियन्सी’ होय. कामगारांच्या बोलीत माग म्हणजे साचा, विणाईचा विभाग म्हणजे साचेखाते. तेव्हा त्यांच्यापुढील प्रश्न सरळ अंकगणिताचा होता : दोनाचे तीन साचे झाले, तर तिसऱ्या साच्यावरचा माणूस कोठे जाणार? (कताईच्या ‘थ्रॉसल’चे याच बोलीत ‘त्रासन’ झाले. व्युत्पत्ती इंग्रजी खरी. पण ध्वनी निवडताना अर्थाने अजिबात हात दिला नसेल, असे म्हणवत नाही.) या प्रश्नाचे उत्तर योजनेत नव्हते; उलट विणकरांच्या दरात साडेसात टक्के कपात सुचविली होती.

एप्रिलअखेर सुरू झालेला संप ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत टिकला. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते. पुढे फॉसेट समितीने दोन्ही बाजू ऐकून मार्च १९२९ मध्ये अहवाल दिला व नवी पद्धती तत्त्वतः ग्राह्य मानली. तरीही एप्रिलमध्ये दुसरा सार्वत्रिक संप उभा राहिला. तत्त्व मान्य होणे आणि माणसे राजी होणे या दोन निराळ्या क्रिया आहेत, हे अहवालाच्या भाषेत कोठे सामावत नाही.

परंतु कामगारांची बाजूही निर्दोष नव्हती. साचेखात्यात अस्पृश्यांना प्रवेश नसे. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागतो, हे त्याचे कारण सांगितले जाई. अधिक मजुरीचे खाते असे बंद होते आणि डॉ. आंबेडकरांनी संपाच्या काळात हा प्रश्न उघडपणे मांडला. मालकांच्या ‘कार्यक्षमते’ला हे दार दिसले नाही, ‘कामगार एकजुटी’लाही ते उघडण्याची निकड वाटली नाही. माझ्या मते त्या वर्षीचा सर्वांत मोठा बदल हाच ठरला असता.

याच धंद्यात १९५३ मध्ये अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये ए. के. राइस यांनी वेगळा मार्ग धरला. स्वयंचलित माग आले होते, पण कामाची बारीक वाटणी करूनही उत्पादन अपेक्षेइतके होईना. राइस यांनी मागांचे गट पाडून प्रत्येक गट एका छोट्या तुकडीकडे सोपविण्याची कल्पना मांडली. तुकडीत कोण कोणासोबत असेल, हे कामगारांनी आपसांत ठरविले. पहिल्या दिवसांच्या धांदलीनंतर उत्पादन वाढले आणि खराब कापडाचे प्रमाण घटले.