प्राणवायू येतो कुठून?

शाळेत आम्ही घोकले होते : झाडे कार्बन डायऑक्साइड घेतात आणि प्राणवायू सोडतात. त्यावरून मी ठरवून टाकले, की झाड कार्बन ठेवून घेते आणि त्याला जोडलेला प्राणवायू बाहेर टाकते. पुढे विज्ञानाच्या इतिहासाचे वेड लागले तेव्हा कळले, की बड्या शास्त्रज्ञांचीही अनेक वर्षे हीच समजूत होती.

ऑगस्ट १७७१. इंग्लंडमधील लीड्स येथे जोसेफ प्रीस्टली यांनी मेणबत्ती जळून विझलेल्या बंदिस्त हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली. दहा दिवसांनी त्या हवेत मेणबत्ती पुन्हा जळली. मात्र असा प्रयोग कधी साधे, कधी फसे. त्याचे कारण १७७९ मध्ये यान इंगेनहाउझ यांनी दाखवले. लंडनजवळ एका उन्हाळ्यात पाचशेंहून अधिक प्रयोग करून त्यांनी सिद्ध केले, की हे काम वनस्पतीचे हिरवे भागच करतात आणि तेही उजेडातच.

पण हा वायू येतो कशातून? १९३१ च्या सुमारास कॉर्नेलिस व्हान नील यांनी जांभळ्या गंधक-जिवाणूंकडे लक्ष वेधले. हे जिवाणूही प्रकाशात कार्बन डायऑक्साइडपासून अन्न बनवतात. पण पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड वापरतात आणि त्यातून प्राणवायू नव्हे, गंधक निघते. मग झाडाचा प्राणवायू पाण्यातूनच येत असला पाहिजे, असा त्यांचा तर्क.

त्याला भक्कम पुरावा मिळाला १९४१ मध्ये. अमेरिकेत बर्कली येथे सॅम्युअल रूबेन, मार्टिन केमन आणि सहकाऱ्यांनी क्लोरेला या शेवाळाला जड ऑक्सिजन-१८ मिसळलेले पाणी दिले. बाहेर पडलेल्या वायूतील त्याचे प्रमाण पाण्यातील प्रमाणाशी जुळले. दोनच वर्षांनी, युद्धकालीन संशोधनात फॉस्जीन या विषारी वायूच्या अपघाताने रूबेन गेले. वय अवघे २९. केमन यांना १९४४ मध्ये निव्वळ संशयावरून प्रयोगशाळेतून काढण्यात आले.

त्यांचे उत्तर मात्र टिकले. शाळेतले समीकरण आता मी पुन्हा मांडून पाहतो. डावीकडे पाण्याचे सहा रेणू, म्हणजे प्राणवायूचे अणू सहाच. उजवीकडे वायुरूपाने सुटतात बारा. हिशेब जुळत नाही. डावीकडे पाण्याचे बारा रेणू लिहावे, उजवीकडे सहा परत दाखवावे, तेव्हाच तो जुळतो. घोकलेल्या ओळीत तपासण्याजोगी चूक समोरच होती; मी अणू मोजले नव्हते, इतकेच.