पेजेचा मान

पाणिनीच्या अष्टाध्यायीत ‘उष्णिका’ असा एक शब्द सिद्ध केलेला आहे. जिच्यात दाणा थोडा आणि पाणी फार अशी यवागू, म्हणजे पातळ पेज, ती उष्णिका, असा त्याचा अर्थ काशिकावृत्तीने दिला आहे. या पदार्थाला नाव मिळाले ते धान्यावरून नव्हे, चवीवरूनही नव्हे, तर त्याच्या ऊनपणावरून. त्याच वृत्तीत अन्य एका सूत्राखाली यवागूला ‘नखंपचा’ असे विशेषण उदाहरणादाखल आले आहे. नखे पोळतील इतकी कढत, असा त्याचा भाव. वैयाकरण उदाहरणे निवडतात ती शिष्यांच्या रोजच्या परिचयातली. तेव्हा कढत पेजेची वाटी हाती घेताना बोटे पोळण्याचा अनुभव त्या काळच्या पाठशाळेत सर्वांनाच असला पाहिजे.

यवागू या शब्दात यव, म्हणजे जव, या धान्याची आठवण आहे. ऋग्वेदात यवाचा उल्लेख येतो, भाताचा येत नाही. करंभ नावाचा जवाच्या पिठाचा पदार्थ हे तर पूषन् या देवाचे आवडते अन्न मानले गेले. पुढे पाणिनीने साल्व देशाच्या यवागूसाठी ‘साल्विका’ असे स्वतंत्र रूप नोंदवले. हा साल्व देश राजस्थानच्या बाजूचा, असे विद्वान मानतात. आणि त्याच राजस्थानात बाजरीचे पीठ ताकात शिजवून केलेली राबडी आजही घरोघर होते. धान्य बदलले, राज्ये बदलली. पण दळलेला वा भरडलेला दाणा पाण्यात वा ताकात शिजवून प्यायचा, ही रीत टिकून राहिली.

या साध्या अन्नाला केवढा मान होता, हे विनयपिटकातील महावग्गाच्या एका कथेवरून कळते. एक ब्राह्मण भिक्षुसंघाला भोजन देण्याची आपली पाळी येईल या आशेने दोन महिने संघामागून फिरत होता. पाळी काही येईना. अखेर अंधकविंद येथे त्याने कोठारात डोकावून पाहिले, आणि तेथे दोनच पदार्थ नाहीत असे त्याला दिसले : यागू आणि मधाचा गोळा. आनंदाच्या मार्फत अनुज्ञा मिळवून त्याने ते दोन्ही सिद्ध केले. त्या प्रसंगी बुद्धाने यागूचे दहा गुण सांगितले. ती देणारा आयुष्य, वर्ण, सुख, बल आणि प्रतिभा देतो. ती भूक शमवते, तहान भागवते, वाताचे नियमन करते, मूत्राशय शुद्ध करते आणि पोटातील न पचलेले अन्न पचवते. धर्मसंस्थापकाने पेजेची अशी गणना करावी, हे विशेष होय. आयुर्वेदानेही तिला पथ्याच्या अग्रस्थानी बसवले. चरकसंहितेच्या दुसऱ्याच अध्यायात निरनिराळ्या विकारांवरच्या २८ यवागू सांगितल्या आहेत. आणि मंड, पेया, विलेपी अशी तिच्या दाटपणाची प्रतवारीही वैद्यकाने ठरवून दिली आहे.

यांतला ‘पेया’ हा शब्द संस्कृत ग्रंथांतून निघून सामान्य माणसाच्या चुलीपर्यंत आला. कोकणात आणि गोव्यात उकड्या तांदळाची पेज होते. तेथून कितीतरी दूर, बस्तर आणि कोरापुटच्या डोंगरांत, नाचणीच्या आंबिलालाही लोक ‘पेज’ असेच म्हणतात. कर्नाटकात तिला अंबली हे नाव आहे, तमिळनाडूत कूळ आणि कंजी. एकच अन्न इतक्या भाषांतून नांदते, आणि ते प्रामुख्याने पहाटे कामाला निघणाऱ्या माणसाचे अन्न आहे.

मग या अन्नाचा मान गेला कसा? त्याची पहिली पायरी दारिद्र्याची आहे. शेतमजुराला मालकाच्या दारी मिळे ती पेज, आणि दुष्काळात धर्मशाळेच्या हौदातून वाटली जाई तीही पेज. चेन्नईच्या स्टॅन्ली रुग्णालयाचे मूळ अठराव्या शतकातील दुष्काळात पेज वाटणाऱ्या अशाच एका धर्मशाळेत आहे, आणि ‘कंजी तोट्टी’, म्हणजे पेजेचा हौद, हे नाव पुष्कळ काळ त्या रुग्णालयाला चिकटून राहिले. ज्या अन्नाने जीव वाचवले, तेच अन्न लाचारीची खूण ठरले.

दुसरी पायरी गिरणीची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाफेवरच्या गिरण्यांनी पांढराशुभ्र सडीक तांदूळ स्वस्त केला, आणि पांढरेपणा हीच प्रतिष्ठा झाली. त्याची किंमत शरीराने मोजली. जावा बेटावर क्रिस्तिआन आइकमान या डच वैद्याला १८९० नंतरच्या दशकात असे आढळले, की सडीक तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासह तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. माणसांतील बेरीबेरी या रोगाचा उलगडा त्यातून झाला, आणि १९२९ साली आइकमान यांना नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात १९१८ साली रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनी कुन्नूर येथे याच रोगाचा अभ्यास आरंभिला. त्या कामातून जी संस्था वाढली, तीच पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था झाली. उकड्या तांदळाची थोरवीही येथेच कळते. साळ उकडताना कोंड्यातील जीवनसत्त्वे काही अंशी दाण्यात उतरतात, आणि पेजेत शिजवणीचे पाणी ओतून दिले जात नसल्याने ती वायाही जात नाहीत.

परंतु गिरणीला केवळ दोष देणे न्यायाचे होणार नाही. अखंड धान्याच्या त्या न्याहारीमागे बायकांचे पहाटेचे कष्ट होते. घर झोपेत असताना जाते ओढायचे, उखळात कांडायचे, मग चूल पेटवायची, हा नेम पिढ्यान्‌पिढ्या चालला. मराठीतील ओव्यांचे धन त्या जात्यावर जन्मले हे खरे. पण ती दळण दळणारी स्त्री गिरणीच्या दारात पहिल्यांदा पायली घेऊन उभी राहिली, तेव्हा तिने सुटकेचा श्वास टाकला असेल, हेही तितकेच खरे. जुन्या अन्नाचे गुणगान करताना जुने कष्ट विसरता येत नाहीत.

तिसरी पायरी कागदावरची. सरकारी कारभारात ज्वारी, बाजरी, नाचणी यांना ‘भरड धान्य’ असे एकच नाव मिळाले. १९६५ नंतरच्या हरितक्रांतीने देशाची भूक भागवली, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. पण तिचा सारा भर गहू आणि तांदूळ यांवर राहिला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ किलोला ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया असे दर ठरवले. हे दर गरिबाच्या सोयीसाठी होते. तरी त्या उतरंडीत समाजाच्या मनातली प्रतवारीही उमटली आहे. वास्तविक शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि तेवढ्याच सडीक तांदळात दहा मिलिग्रॅमच्या आसपास.

अलीकडे नावे बदलू लागली आहेत. एप्रिल २०१८ मध्ये भारत सरकारने या धान्यांना ‘पौष्टिक धान्ये’ म्हणून अधिसूचित केले; २०२३ च्या अर्थसंकल्पीय भाषणात ती ‘श्रीअन्न’ झाली, आणि भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी तेच वर्ष त्यांच्या नावे साजरे केले. शहरांतील दुकानांत नाचणीच्या सत्त्वाचे सुबक डबे परदेशी ओटच्या शेजारी मांडलेले दिसतात. मात्र डब्यावरचे नाव बदलले म्हणून पेज पिणाऱ्याचा मान वाढतोच, असे नाही. कोरापुटच्या ज्या शेतकऱ्याने ही धान्ये उपेक्षेच्या काळात जगवली, त्याच्या मुलाला शाळेत आपल्या घरची न्याहारी सांगताना संकोच वाटत असेल, तर गौरव अपुराच राहिला म्हणायचा.

म्हणूनच शाळांतून चाललेले प्रयत्न अधिक मोलाचे वाटतात. तमिळनाडूने १५ सप्टेंबर २०२२ रोजी मदुराई येथे प्राथमिक शाळांतील मुलांसाठी सकाळच्या गरम न्याहारीची योजना सुरू केली, आणि पुढच्या वर्षी ती राज्यातील सर्व सरकारी प्राथमिक शाळांना लागू केली. उपमा, खिचडी, पोंगल असे साधेच पदार्थ त्यात आहेत. कर्नाटकाने २०२४ मध्ये सरकारी शाळांत दुधातून नाचणीचे सत्त्व देण्यास आरंभ केला. येथे अन्न दानाच्या हौदातून येत नाही; एका पंगतीत, सर्वांना सारखे आणि ऊन ऊन वाढले जाते. बुद्धाने यागूच्या दहा गुणांत प्रतिभेची गणना केली होती. भुकेल्या पोटी पाढे म्हणणाऱ्या मुलाला जो शिक्षक ओळखतो, त्याला त्या गणनेचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही.