पारदर्शक मुठीचा चाकू

खिशात मिटवून ठेवायच्या चाकूची मूठ शतकानुशतके शिंग, हाड, लाकूड किंवा हस्तिदंत यांचीच असे. हे पदार्थ सुंदर खरे, पण अपारदर्शक. मुठीच्या आत आपले नाव वा एखादा चेहरा जपावा, ही कल्पना प्रत्यक्षात आली ती सेल्युलॉइडमुळे.

अमेरिकेतील जॉन वेस्ली हायट यांनी १८७० साली या पदार्थाच्या निर्मितीचे पेटंट घेतले. बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंताला पर्याय शोधणे हा त्यांचा मूळ हेतू होता. नत्राम्लाची प्रक्रिया केलेल्या कापसात कापूर मिसळून, उष्णता व दाब देऊन सेल्युलॉइड तयार होई. ते गरम केले की मऊ होई, हव्या त्या आकारात वळे आणि काचेसारखे स्वच्छही करता येई. ओहायो राज्यातील कँटन येथील चाकू-कारखान्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या गुणाचा उपयोग करून घेतला. पारदर्शक पट्टीखाली ग्राहकाचे नाव-पत्ता, छायाचित्र किंवा त्याच्या संघटनेचे बोधचिन्ह बसवून देण्याचा व्यवसाय तेथे भरभराटीस आला. फिरते विक्रेते गावोगावी जाऊन मागणी नोंदवीत. हरवलेला चाकू मालकाकडे परत येण्याची सोय तर झालीच. पण सामान्य कामगाराच्या हातातील एका साध्या वस्तूला स्वतःची ओळखही मिळाली.

पुढे १९३३ च्या सुमारास जर्मनीत प्लेक्सिग्लास हे नवे पारदर्शक प्लास्टिक बाजारात आले. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या छत्रांसाठी त्याचा मोठा वापर झाला. निकामी झालेल्या विमानांच्या या तुकड्यांतून सैनिकांनी चाकूंच्या व पिस्तुलांच्या मुठी घडविल्या. पिस्तुलाच्या मुठीखाली पत्नीचे वा प्रेयसीचे छायाचित्र ठेवण्याची रीतही पडली. घरापासून दूर असलेल्या माणसाची ही भावना, पिढ्यांपूर्वी मूळ गाव सोडून आलेल्या आपल्या घराण्यांना निराळी सांगावयास नको.

सेल्युलॉइडमध्ये मात्र एक दोष दडलेला होता. काळ लोटला की ते पिवळे पडते, तडकते आणि त्यातून आम्लधर्मी वाफा बाहेर पडू लागतात. त्यांत हवेतील ओलावा मिसळला की पात्यावर गंज चढतो. शेजारी ठेवलेले दुसरे चाकूही त्यातून सुटत नाहीत. म्हणून जाणकार संग्राहक असे चाकू इतरांपासून वेगळे ठेवतात. जी मूठ चेहरा जपण्यासाठी घडविली, तीच पाते खाऊन टाकते.

चित्रपटांच्या जुन्या नायट्रेट फिती याच जातीच्या पदार्थाच्या होत्या. त्या चटकन पेट घेत. पुण्यात, पूर्वीच्या प्रभात स्टुडिओच्या आवारात, जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत अशा फितींवरील कित्येक जुने चित्रपट नष्ट झाले.

तेव्हा वाचकांना एक विनंती. घरातील जुन्या पेटीत सेल्युलॉइडचा कंगवा, चाकू किंवा छायाचित्रांच्या जुन्या फिती असतील, तर एकदा पेटी उघडून पाहावी. वस्तू चिकट वा पिवळी झाली असेल, कापरासारखा किंवा उग्र आंबूस वास येत असेल, आसपासच्या धातूवर गंज दिसत असेल, तर ती बंद डब्यातून काढून, ज्योतीपासून दूर, थंड व हवेशीर जागी निराळी ठेवावी. छायाचित्रांच्या प्रती तर आजच जाणकाराकडून करून घ्याव्यात. पूर्वजांचे चेहरे त्यांनी विश्वासाने ज्या पदार्थाच्या स्वाधीन केले, त्याचे आयुष्य आता संपत आले आहे.