सिगारेटच्या पाकिटातली नटी आणि मराठी नायिका

१८८० चे दशक. अमेरिकेत सिगारेटी कागदाच्या मऊ पाकिटांत विकल्या जात. आतला माल चेपू नये म्हणून त्यात पुठ्ठ्याचा तुकडा घालत. व्हर्जिनियातील ॲलन अँड गिंटर, उत्तर कॅरोलिनातील ड्यूक अशा कंपन्यांनी या तुकड्यांवर चित्रे छापली. त्यांत नाटकी वेशातल्या नट्या पुष्कळ. बॉनसॅकच्या नव्या यंत्रातून सिगारेटी भराभर निघत होत्या, गिऱ्हाईक मात्र टिकवावे लागे. संच पुरा करण्याच्या नादाने ते परत येई. (क्रिकेटपटूंची कार्डे जमवलेल्यांना हा नाद ठाऊक असेल.)

त्याच दशकात मराठी संगीत नाटक उभे राहत होते. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगमंचावर आले, १८८२ मध्ये ‘सौभद्र’. सुभद्रा म्हणून गाजले ते भाऊराव कोल्हटकर! अशी कार्डे येथे निघती, तर त्यांवरची लोकप्रिय ‘नटी’ पुरुषच असती.

पुढे बालगंधर्वांची लुगडे नेसण्याची, केशरचनेची तऱ्हा घरंदाज स्त्रिया उचलू लागल्या. स्त्रीने कसे शोभून दिसावे, हे एक पुरुष दाखवीत होता. प्रत्यक्ष रंगमंचावर उभी राहणारी स्त्री मात्र कुलीन समाजाला नकोशी. पाकिटातल्या नट्यांचाही चेहरा माल खपविण्यापुरताच वापरला गेला, हे खरेच. पण त्या पुठ्ठ्यावर निदान त्या स्वतः होत्या.

१ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतर संस्थेचे ‘आंधळ्यांची शाळा’ मुंबईत रंगभूमीवर आले. त्यातील स्त्रीभूमिका ज्योत्स्ना भोळे आणि पद्मा वर्तक यांनी केल्या.