तिजोरी कोणाची, सही कोणाची?

मैत्रिणींनो, १८६५ साली मुंबईचा कारभार एकट्या आयुक्ताच्या, आर्थर क्रॉफर्डच्या, हाती होता. त्याने कामे झपाट्याने केली, मंडई उभारली, पण खर्च हाताबाहेर गेला. करदाते चिडले. मग १८७२च्या कायद्याने ६४ सभासदांची महापालिका आली. त्यातले निम्मे करदात्यांनी निवडायचे. निम्मेच, आणि चाळीतल्या गिरणी कामगाराला मत नाहीच!

१८८८च्या कायद्यात अंदाजपत्रक सभासदांनी मंजूर करायचे, खर्चावर स्थायी समितीने नजर ठेवायची, अंमलबजावणी मात्र सरकारने नेमलेल्या आयुक्ताने करायची, असे ठरले. मुंबईत हाच कायदा दुरुस्त्यांसह आजही चालतो. म्हणून गटातल्या बायका नळासाठी नगरसेविकेकडे निघाल्या की मी सांगते, एक अर्ज वॉर्ड ऑफिसातही द्या आणि पोच घ्या.