टोमॅटोची पानं बदलली? अस्थिर वाणाचं बी कसं धरायचं

घरच्या टोमॅटोचं बी धरून पुढच्या हंगामात पेरलं, की कधीकधी एकाच वाफ्यात दोन तऱ्हेची रोपं दिसतात. काहींच्या पानांना दातेरी कडा असतात, तर काहींची पानं रुंद, गुळगुळीत, थेट बटाट्याच्या पानासारखी असतात. बियाण्यात भेसळ झाली की वाण फुटला? आणि आता बी कोणत्या झाडाचं धरायचं? या प्रश्नांची बरीचशी उत्तरं पानातच मिळतात.

पानांचे प्रकार कोणते?

टोमॅटोचं नेहमीचं पान अनेक पर्णिकांचं बनलेलं असतं आणि पर्णिकांच्या कडा खाचा पडलेल्या असतात. 'बटाटा-पान' प्रकारात पर्णिका कमी आणि मोठ्या असतात, कडा जवळपास सलग असतात. ब्रँडीवाइन हा प्रसिद्ध अमेरिकी पारंपरिक वाण याचं उदाहरण आहे. याशिवाय सुरकुतलेली आणि गाजराच्या पाल्यासारखी बारीक चिरलेली पानंही काही वाणांत आढळतात.

बटाटा-पान हा गुण मुख्यतः सहाव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकामुळे येतो आणि तो अप्रभावी आहे. म्हणजे आई-बाप दोन्हीकडून हा गुण आला तरच तो पानात दिसतो. एकाच बाजूने आला, तर पान नेहमीचं दिसतं आणि गुण आत दडून राहतो.

वाण अस्थिर का होतो?

टोमॅटोचं फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागकणांनी फळतं. म्हणून पुसा रूबी, धनश्री यांसारख्या सरळ वाणांचं बी धरलं तर पिढ्यानपिढ्या सारखीच झाडं येतात. पण काही वाणांत, विशेषतः मोठ्या फळांच्या जुन्या वाणांत, कुक्षी परागकोषांच्या नळीबाहेर डोकावते. मग भुंगे आणि रानमाश्या शेजारच्या वाणाचे परागकण तिथे पोचवू शकतात.

असा संकर त्या वर्षीच्या फळात दिसत नाही. फळ आईच्या वाणासारखंच असतं. फरक असतो तो आतल्या बियांत. त्यामुळे फळ पाहून बी शुद्ध आहे असं म्हणता येत नाही.

बाजारातल्या संकरित टोमॅटोची गोष्ट वेगळी आहे. त्यांची पहिली पिढी एकसारखी असते, पण त्यांचं बी धरलं की दुसऱ्या पिढीत गुण विखुरतात. फळाचा आकार, रंग, चव, रोगप्रतिकार असं सगळंच बदलू शकतं. हंगामभराचं पीक अशा बियाण्यावर लावणं म्हणूनच धोक्याचं ठरतं.

पान काय सांगतं?

• बटाटा-पानाच्या वाणात नेहमीच्या पानाचं रोप आलं, तर बहुधा संकर झालेला आहे किंवा बी मिसळलं आहे. वाण शुद्ध ठेवायचा असेल तर असं रोप रोपवाटिकेतच उपटावं.

• नेहमीच्या पानाच्या वाणात बटाटा-पानाचं रोप आलं, तर बी मिसळलं नसल्यास आईच्या झाडात तो गुण दडलेला होता. म्हणजे संकर आधीच्या एखाद्या पिढीत झाला असावा.

• दोन्ही प्रकारांच्या संकरातून पहिल्या पिढीत सगळी झाडं नेहमीच्या पानाची येतात. दुसऱ्या पिढीत सरासरी ४ पैकी १ रोप बटाटा-पानाचं निघतं.

बीजदलं सगळ्यांची सारखीच असतात, त्यामुळे घाई करू नये. पहिलं खरं पानही फसवू शकतं. तिसऱ्या ते पाचव्या पानापर्यंत फरक स्पष्ट होतो.

दडलेला गुण कसा ओळखायचा?

दुसऱ्या पिढीतलं बटाटा-पानाचं झाड निवडलं, तर पानापुरता प्रश्न तिथेच मिटतो. त्याच्या स्वपरागित बियांतून बटाटा-पानच येतं. नेहमीच्या पानाच्या झाडांत मात्र सरासरी ३ पैकी २ झाडांत दुसरा गुण दडलेला असतो, आणि तो नुसत्या नजरेला दिसत नाही.

उपाय सोपा आहे. त्या एकाच झाडाच्या निदान ११ बियांची रोपं वाढवून पाहावीत. एक जरी बटाटा-पानाचं निघालं, तरी आईत गुण दडलेला होता. सगळी नेहमीच्या पानाची निघाली, तर दडलेला गुण निसटल्याची शक्यता जेमतेम ४ टक्के उरते. १७ रोपं तपासली तर ती १ टक्क्याच्याही खाली जाते. ही रोपं शेतात लावायची गरज नसते, ट्रेमध्येच निकाल कळतो.

वाण स्थिर व्हायला किती पिढ्या लागतात?

आई-बापांत वेगळ्या असलेल्या जनुकांपैकी दुसऱ्या पिढीत सरासरी ५० टक्के जोड्या मिश्र असतात. पुढे दर पिढीला हे प्रमाण निम्मं होतं: तिसरीत २५, चौथीत १२.५, पाचवीत ६.२५ आणि सहावीत सुमारे ३ टक्के. म्हणून सहा ते आठ पिढ्या निवड केल्यावर वाण स्थिर मानतात. पान एका पिढीत पक्कं होऊ शकतं; चव, आकार, उत्पादन यांना वेळ लागतो.

बी धरताना काय करावं?

१. फूल उमलण्याआधी घोसावर पातळ जाळीदार कापडाची पिशवी बांधावी. फळ धरल्यावर ती काढून देठाला खुणेचा दोरा बांधावा.

२. प्रत्येक झाडाचं बी वेगळं ठेवावं. सगळं एकत्र केलं की चांगल्या झाडाचा माग हरवतो.

३. पूर्ण पिकलेल्या फळाचा गर बियांसह भांड्यात २-३ दिवस आंबवावा. कडक उन्हाळ्यात १-२ दिवस पुरतात. त्याने बियांभोवतीचा बुळबुळीत थर सुटतो. जास्त ठेवलं तर बी भांड्यातच मोड धरतं.

४. बी धुऊन चिनी मातीच्या ताटलीत सावलीत वाळवावं. कागदावर ते चिकटतं.

५. पाकिटावर वाण, पिढी, झाडाचा क्रमांक, पानाचा प्रकार आणि वर्ष लिहावं. कोरड्या, थंड जागी हवाबंद ठेवलेलं बी ४-५ वर्षं चांगलं उगवतं.

पानाच्या खुणेची मर्यादा

पान एकाच जनुकाची साक्ष देतं. बटाटा-पानाच्या दोन वाणांत आपसात संकर झाला, तर सगळी रोपं बटाटा-पानाचीच येतील आणि पानावरून काहीच कळणार नाही. तिथे फळ, चव आणि वाढीची तऱ्हा तपासावीच लागते. असं बी दुसऱ्याला देताना पाकिटावर 'अजून स्थिर नाही' असं लिहिलं, तर घेणारा त्यावर पूर्ण वाफा न लावता चार रोपं लावून पाहील.