ओळखीतून धंदा: रोटरीची पहिली वर्षे
शिकागोतील वकील पॉल हॅरिस यांनी २३ फेब्रुवारी १९०५ रोजी गुस्ताव लोएर या खाण अभियंत्याच्या कचेरीत बैठक घेतली. कोळशाचा एक व्यापारी आणि एक शिंपी असे आणखी दोघे हजर होते. बैठका आळीपाळीने प्रत्येकाच्या कचेरीत भरत, त्यावरून ‘रोटरी’ हे नाव पडले.

आज सेवाकार्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेच्या १९०६ च्या घटनेत पहिला उद्देश होता सभासदांच्या धंद्याची भरभराट, स्नेहभाव दुसरा. एका व्यवसायाचा एकच सभासद, हा नियम त्यातूनच आला. शिंपी एकच असला की बाकीच्यांचे कपडे त्याच्याकडेच जाणार! कोणी कोणाला किती काम दिले, याची नोंद ठेवायला एक पदाधिकारीही असे. आपलेपणाचा असा हिशेब आज खटकतो. पण तेव्हा त्यात लपवाछपवी नव्हती.

आक्षेप आला तो डोनाल्ड कार्टर या पेटंट वकिलाकडून. केवळ आपापले भले पाहणारी संस्था टिकणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. शहराच्या हिताचा उद्देश मग घटनेत आला. १९०७ मध्ये सार्वजनिक स्वच्छतागृहाची मोहीम हाती घेतली गेली आणि पुढे देवघेवीच्या नोंदी मागे पडल्या. मुंबईत क्लब १९२९ मध्ये स्थापन झाला, तोवर सेवेचा मुद्दा पक्का झाला होता.

जुना नियम मात्र मेला नाही. १९८५ मध्ये आयव्हन माइसनर यांनी कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या ‘बीएनआय’ने तोच उचलला: प्रत्येक गटात एका व्यवसायाचा एकच सभासद, आणि दर आठवड्याला एकमेकांना ग्राहक सुचवणे.